बत्तीस जीबीचं पुण्य

पोलादपूरच्या एका घरात सासू-सुनेचं बोलणं बंद आहे. दागिन्यावरून नाही, चुलीवरून नाही, लेकाच्या पगारावरून तर नाहीच. सुनेनं सासूबाईंच्या पेनड्राइव्हला फॉरमॅट मारला! हरिपाठ, काकडा, चार सप्ताहांची कीर्तनं आणि नातवाच्या बारशाचा पाळणा, सगळं एका बोटासरशी वैकुंठाला. सून म्हणते, लॅपटॉपला लावला, तो उघडेना, त्यानंच विचारलं ‘फॉरमॅट करायचं का?’, मी म्हटलं हो. आता लॅपटॉप विचारतो म्हणून कुणी हो म्हणतं का? उद्या तो विचारील घर विकायचं का! आणि सासूबाई काय म्हणतात ऐका: “पाटल्या गेल्या असत्या तर एवढी रडले नसते. पाटल्या परत घडवता येतात.”

शिव शिव! काय ऐकतोय आपण हे? सत्तरी ओलांडलेली बाई, गळ्यात तुळशीची माळ, आणि जीव अडकलाय कशात, तर करंगळीएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात?

पण एकट्या त्यांनाच नावं कशाला ठेवायची? महाडच्या बाजारपेठेतून एक चक्कर मारून या. पूर्वी दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असायचा, “पाऊस काय म्हणतोय तुमच्याकडं?” आता प्रश्न येतो, “किती जीबीचं टाकलंय?” मिनीडोरवाल्याच्या गाडीत ब्रेक लागो न लागो, पेनड्राइव्ह लागलाच पाहिजे. लावणीच्या दिवसांत बांधावर दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला स्पीकर गळा काढत असतो. आपल्या आज्या त्याच चिखलात वाकून स्वतः गात होत्या. फुकट होतं ना, त्यामुळे त्याची किंमत नव्हती. आता नातीच्या स्पीकरला चार्जिंग लागतं, मेमरी कार्ड लागतं, आणि कार्डात गाणी भरून द्यायला एसटी स्टँडाजवळचा दुकानदार लागतो. तेव्हा कुठे रोप चिखलात जातं!

हिशेब तरी मांडून बघा. एमपीथ्रीच्या नेहमीच्या 128 केबीपीएसच्या दर्जात मिनिटाला साधारण 1 एमबी लागतो. म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याला 4 एमबी. 32 जीबीच्या कार्डात अशी आठ हजारांच्या आसपास गाणी बसतात. सलग लावली, जेवायला उठला नाहीत, डोळ्याला डोळा लावला नाहीत, तर संपायला 22 दिवस! आणि हे कार्ड खिशात घेऊन हिंडणारा माणूस ऐकतो किती? तीच चार. पाचवं सुरू झालं की अंगठा ‘पुढचं’ या बटणावर. वर पुन्हा तोंड वेंगाडून सांगायचं, “जागा कमी पडते हो, 64चं बघतोय.” अरे, आठ हजार गाणी कमी पडतात? लग्नाच्या वरातीला तरी एवढी लागतात का?

याचं पाप मुळात जर्मनांच्या माथी आहे. तिथं कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग नावाचे एक संशोधक आणि त्यांची मंडळी गाणं दाबून लहान करायची युक्ती शोधत होती. कानाला जे तसंही ऐकू येत नाही ते काढून टाकायचं आणि उरलेलं गाठोड्यात बांधायचं, अशी ती युक्ती. त्यासाठी या सद्गृहस्थांनी सुझान व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ हे बिनवाद्यांचं गाणं पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा ऐकलं. एकच गाणं! म्हणजे नवा डबा आणला की त्यावर तेच एक गाणं लावून आळी डोक्यावर घेणारे आपले शेजारी शास्त्रशुद्धच वागतात म्हणायचे. 1995 साली त्या फाइलीला एमपीथ्री हे शेपूट चिकटलं. 1998 साली कोरियातून खिशातला पहिला प्लेअर बाजारात आला, 32 एमबीचा. जेमतेम अर्धा तास गाणी. त्याच वर्षी अमेरिकेत तसलाच एक ‘रिओ’ निघाला, तेव्हा तिथल्या रेकॉर्ड कंपन्या पदर खोचून कोर्टात धावल्या आणि 1999 मध्ये अपिलातही हरून परत आल्या. 2001 साली आयपॉड आला, पाच जीबीत हजार गाणी, आणि जग येडं झालं. 2022 साली तो बंदही झाला. त्याआधी, 2017 मध्ये, एमपीथ्रीच्या जन्मदात्या जर्मन संस्थेनं त्याचे परवाने देणं थांबवलं, तेव्हा परदेशी पत्रकारांनी एमपीथ्री वारल्याच्या बातम्या छापून टाकल्या.

महाडला ती तार अजून पोचलेली नाही.

पोचायची कशी? त्याच 2017 साली आपल्याकडे कारवां आला होता ना! सारेगामा, म्हणजे आपली जुनी एचएमव्ही. हिनं तीच गाणी आधी तव्यावर विकली, मग कॅसेटवर विकली, मग सीडीवर विकली, आणि आता जुन्या रेडिओच्या वळणाच्या डब्यात पाच हजार गाणी कोंबून 5,990 रुपयांना चौथ्यांदा विकली. व्यापार करावा तर असा! मुंबईच्या चाकरमान्यांनी गणपतीला येताना बापासाठी हा डबा आणायचा, असा रिवाजच पडला. बापाचा पहिला शेरा ठरलेला: “हॅ! बटण दाबलं की लागतं, हे काय ऐकणं?” तिसऱ्या दिवशी आजोबा तो डबा उशाशी घेऊन झोपतात आणि नातवाला हात लावू देत नाहीत. दिवाळीपर्यंत तक्रारी सुरू. यातलं नको ते गाणं काढता येत नाही. दुसऱ्या कंपनीचं हवं ते मिळत नाही. मग डब्याला पेनड्राइव्हसाठी जागा आहे, हा साक्षात्कार होतो. झालं! सहा हजारांच्या डब्यातून दोनशे रुपयांचा पेनड्राइव्ह वाजतो, आणि आतली पाच हजार गाणी कोपऱ्यातल्या सवाष्णीगत गप्प.

आता त्या पेनड्राइव्हच्या उगमाकडे चला. दुकानात काचेवर पाटी असते, ‘कार्ड भरून मिळेल’. आत एक जुना कॉम्प्युटर, त्यावर धूळ, आणि त्यात अख्ख्या तालुक्याचं अंतःकरण फोल्डरवार लावलेलं. जुनी हिंदी. नवी हिंदी. भक्ती. भीमगीतं. कोळीगीतं. पोवाडे. हळद स्पेशल. डीजे. दर्दभरे, हे खास ट्रकवाल्यांसाठी. आणि सगळ्यात खाली ‘इतर’. त्या इतरमध्ये काय आहे हे कुणी विचारत नाही, आणि ज्याला हवं असतं त्याला सांगावं लागत नाही. प्रतिष्ठित गिऱ्हाईक येतं, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणतं, “भक्तिसंगीत भरा, दुसरं काही नको.” मग काउंटरवर ओणवं होऊन हळूच, “जागा उरलीच तर त्या लावण्या टाक रे दोन-चार.” जागा उरलीच तर! 32 जीबीत? मेल्या, सगळ्या संतांचे सगळे अभंग भरलेस तरी उरेल की! दुकानदार मात्र चेहऱ्यावरची सुरकुती हलू देत नाही. असा गुपितं गिळणारा माणूस आपल्या आळीत दुसरा आहे का?

बरं, हे सगळं कायद्यात बसतं का? छे! 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 63 वं कलम उघडा. जाणूनबुजून दुसऱ्याच्या हक्काचा माल असा वाटलात तर सहा महिने ते तीन वर्षं कैद, वर पन्नास हजार ते दोन लाख दंड. कलम काटेकोर लावलं तर अर्धा तालुका आत जाईल आणि उरलेल्या अर्ध्याला जामीन राहायची सोय नाही, कारण त्यांच्याही खिशात कार्ड आहे. गवयाचं पोट आहे, कवीचं पोट आहे, हे आपण तोंडानं कबूल करतो आणि हात पुढे करतो: “पूर्ण फोल्डर देतोस ना?”

आणि प्लेअर घेताना? चहाच्या टपरीवर उंटावरच्या शहाण्यांचं संमेलनच भरतं. एक म्हणतो लाइटवाला घे, बेसला भारी असतो. आता लाइटचा आणि बेसचा संबंध काय? दुसरा म्हणतो वजन बघ, जड तो चांगला. (आत लोखंडाची पट्टी घालून वजन वाढवणारे महाभाग असतात, हे त्याच्या गावी नाही.) कामाचं एकही जण सांगत नाही. स्वस्त डबे 32 जीबीपर्यंतचं कार्ड निमूट घेतात. 64चं कार्ड येतं ते वेगळ्या मांडणीचं, एक्सफॅट म्हणतात तिला, आणि ती मांडणी या डब्यांना वाचता येत नाही. मग नवंकोरं महागाचं कार्ड घालून माणूस डब्याला थापट्या मारत बसतो. डबा गप्पच.

जत्रेतल्या पेनड्राइव्हची तर कथाच और. वर छापलंय 128 जीबी, किंमत दीडशे रुपये. आत चिप आठ जीबीची, पण तिला खोटं बोलायला पढवलेलं. लॅपटॉपनं विचारलं जागा किती, ती बेधडक सांगते 128. तुम्ही भरत जाता, ती घेत जाते, कुठेही कुरकुर नाही, नावं सगळी यादीत दिसतात. घरी येऊन लावलं की पहिली आठ जीबी गाणी खरी, पुढची सगळी माया! संतमंडळी सांगून थकली तेव्हा पटलं नव्हतं, पेनड्राइव्हनं दीडशे रुपयांत पटवलं.

इथवर गंमत आहे. खरं वेड लागतं ते फाइली लावताना. एका निवृत्त तलाठीभाऊंचं उदाहरण घ्या. त्यांनी ‘गीतरामायण’ भरून घेतलं. गदिमा आणि बाबूजींचं, 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्यामागून आठवडा चाललेलं, 56 गाण्यांचं. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत, आणि डबा चालणार अक्षरांच्या क्रमानं. परिणाम काय? सीतास्वयंवराचं गाणं ‘ए’पासून आणि रामजन्माचं ‘आर’पासून! म्हणजे रामाचं लग्न आधी, मधे त्राटिकेचा वध, आणि जन्म त्यानंतर. रामनवमीला दुपारी बारा वाजता, सुंठवडा हातात घेऊन सगळी आळी पाळण्याची दोरी धरून उभी, भाऊंनी बटण दाबलं आणि नवरानवरी हजर! ही काय थट्टा आहे? वाल्मीकींनी एवढं बैजवार लिहिलं ते याचसाठी?

भाऊंनी कंबर कसली. प्रत्येक नावाआधी आकडा घातला. तर डबा वाजवतो 1, मग 10, मग 11, आणि 2 थेट विसाच्या अलीकडे. शून्य घालायला हवं होतं हो, 01! शून्याचा शोध आपल्या देशाचा म्हणून छाती फुगवायची आणि फाइलीत शून्य घालायला विसरायचं? शून्य घातलं. पण दुसरा एक डबा असा निघाला की त्याला नावाशीही कर्तव्य नाही, आकड्याशीही नाही. कार्डात जे आधी शिरलं ते आधी वाजणार. म्हणून सगळं पुसून, ओळीनं लावून, एका दमात पुन्हा कॉपी. तेव्हा कुठे रामराया रीतसर जन्माला आले.

एवढ्यावर थांबतील तर ते भाऊ कसले? आता आठही हजार गाण्यांवर मोहीम. गायक, संगीतकार, चित्रपट, साल, सातबारा उतरवावा तशा नोंदी. त्यांच्या यादीत एकट्या लताबाई चार ठिकाणी निघाल्या: लता, लताजी, लता मंगेशकर आणि ‘लता न्यू’. यादीचा फेरफार मंजूर होईपर्यंत रात्रीचे दोन वाजतात. वहिनी सांगतात, या सगळ्या दिवसांत घरात एक गाणं वाजलेलं नाही, फक्त माउस टिकटिकतो. विचारलं तर भाऊ म्हणतात, “आधी नीट लावून होऊ दे, मग ऐकू.” ऐकाल कधी, भाऊ? पण विचारणारे आपण कोण? आपल्या फोनमध्ये ‘नंतर बघू’ असं फोल्डर नाही का?

पुण्याहून येणाऱ्या भाच्यांची जात आणखी निराळी. यांना एमपीथ्रीचा वाससुद्धा सहन होत नाही. यांचं सगळं फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न कापता घडी घालून ठेवलेलं; एकेका गाण्याला पंचवीस-तीस एमबी. हातात तीस हजारांचा प्लेअर, कानात त्याहून नाजूक काहीतरी. श्रावण चालू, पत्र्यावर पाऊस नगारा बडवतोय, बाहेर बेडूक, आत मिक्सर, शेजारी आरतीची तालीम, आणि हे पडवीत डोळे मिटून म्हणतात, “मामा, तबल्याच्या शाईवरून बोट सरकल्याचं ऐकू येतंय.” आम्हाला तुझी मामी हाक मारतेय ते ऐकू येतंय रे! शेवटी गंमत कळली. चिरंजीवांनी निम्मी गाणी कुणाकडून तरी घेतली होती, आणि त्या कुणीतरी साध्या एमपीथ्रीचंच फ्लॅक करून दिलं होतं. एकदा कापून टाकलेला आवाज फाइल फुगवून परत येत नाही. पण बोट सरकल्याचं याला ऐकू आलंच! कमाल कानाची म्हणायची की तीस हजारांची?

हेच भाचे वर आम्हाला शिकवतात, “आता गाणी बाळगतं कोण? सगळं ऑनलाइन असतं.” असतं ना बाबा, नक्की असतं. ये एकदा ढवळीच्या खोऱ्यात, नाहीतर कामथीच्या. आंबेनळी घाटात तुझं ऑनलाइन मुखड्यावरच गोल गोल फिरत बसतं, आणि पुढच्या टेम्पोवाल्याचं आठ जीबीचं कार्ड महाबळेश्वरपर्यंत एकदाही दम टाकत नाही. या एका बाबतीत टेम्पोवाला शहाणा आणि तू येडा, हे आमचं स्पष्ट मत आहे.

शिवाय काही आवाज ऑनलाइन मिळतच नाहीत. गौरी-गणपतीत रात्रभर चाललेली जाखडी, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जबाब, कुणाच्या आज्यानं गायलेली गवळण, हे कुठल्या कंपनीनं कधी छापलं? कुणीतरी फोन वर धरून टिपलं, ते या कार्डातून त्या कार्डात फिरतंय. 20 मार्चला चवदार तळ्यावर लोटणारा जनसागर पुस्तकं घेऊन जातो तशी भीमगीतंही घेऊन जातो. वामनदादा कर्डकांचे शब्द असे किती खिशांतून किती गावांना गेले असतील! जुलै 2021 च्या पुरात महाडच्या घराघरांत चिखल भरला, तेव्हा गाळ उपसताना कुणी नखाएवढं कार्ड शोधत होतं. सापडलं, ऊन नव्हतं म्हणून तांदळाच्या डब्यात पुरलं, आणि चौथ्या दिवशी वाजलं. त्याला हसायची आपली हिंमत नाही. मिक्सर, फ्रिज भंगारात गेले आणि नखाएवढा तुकडा तगला, यावर कंपन्यांनीच काय ते बोलावं.

आता ताजी खबर, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप. एका वाडीतल्या देवळात तिन्हीसांजेला बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ लागतो. रोजचा पेनड्राइव्ह बिघडला, म्हणून पुजाऱ्यांनी कुणाचा तरी मागून आणला आणि लावला. 27 अभंग गोड झाले. मग कुणी उठून बंद करायच्या आत पुढची फाइल सुरू झाली. ढोलकीचा तोडा कडाडला, घुंगरू वाजले, आणि कर्ण्यातून अख्ख्या वाडीवर लावणी ओतली गेली. माऊली माऊली! टाळ हातात धरलेली माणसं जागच्या जागी थिजली. थिजली म्हणे, पण दोन-तीन टाळ ठेक्यात वाजल्याचं बघणारे सांगतात. बंद करायला धावले ते कर्ण्याचा आवाज कमी करण्याऐवजी वाढवून बसले. पहिलं कडवं संपेपर्यंत कुणाला बटण सापडलं नाही. बटण एकच आहे त्या डब्याला!

दुसऱ्या दिवशी सभा. धर्म बुडाला, तरुण पिढी बिघडली, पेनड्राइव्ह कोणाचा ते कळलंच पाहिजे. पुजारी म्हणतात आठवत नाही. ज्यांच्यावर संशय ते सगळे साठीच्या पुढचे. तरुण पिढीला त्या लावणीचं नावसुद्धा सांगता येईना, ज्येष्ठांना मात्र गायिका, साल आणि पुढची दोन कडवी मुखोद्गत. एकमतानं ठराव झाला की असली फाइल तात्काळ पुसून टाकावी. पुसण्याआधी सात जणांनी ती आपापल्या कार्डावर उतरवून घेतली. पुरावा म्हणून.